जिवंत गाडीचा पंप

"उंट बरा. ओरडतो, थुंकतो, पण वळ म्हटलं की वळतो तरी."

नोर्जमाच्या नाकापासून वीतभर वर हे पुटपुटणं चाललं होतं. ती गाडीखाली उताणी पडली होती आणि पत्र्यापलीकडे तिचा सासरा स्टिअरिंगशी झटत होता. बोलणं तिला उद्देशून नव्हतं. गाडीखालच्या माणसाला वरचं सगळं ऐकू येतं हे आयुष्यभर गाड्या चालवलेल्या माणसाला ठाऊक नसावं, याचं तिला नवल वाटलं. मग वाटलं, ठाऊक असेलही.

स्टिअरिंग फिरलं की इंजिनाच्या पोटातून पिल्लू गमावलेल्या उंटिणीसारखा आवाज निघे आणि नोर्जमाच्या कपाळावर लाल ऑइलचा थेंब पडे. पॉवर स्टिअरिंगचा पंप संपला होता. त्यात शंकेला जागा नव्हती. आणि पुढे जे जे झालं ते पाहता, त्या महिन्यात शंकेला जागा नसलेली ती एवढी एकच गोष्ट होती.

गाडी जपानी, तीस वर्षांची, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. घोड्यांना रंगावरून हाक मारतात तशी हिलाही मारत. हिचं नाव करडी. वर्षातून चार वेळा हे घर आपला गेर, म्हणजे जाड लोकरी नमद्यांचा गोल तंबू, उकलून, त्या नमद्यांच्या गुंडाळ्या, चूल, पेट्या आणि देवांची चौकट करडीच्या टपावर नि पोटात भरून मुक्काम हलवत असे, आणि चारही वेळा स्टिअरिंगवर म्हातारा असे. त्याचं नाव चोइम्बोल. पण सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. नोर्जमाने एकवीस वर्षांत ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, तेव्हा आपणही म्हातारा म्हणू. वळसा घालून बोलायची सवय तिच्या जिभेला या घरात चांगलीच लागली होती.

म्हातारा ऐन उमेदीत सामुदायिक संस्थेचा ट्रक चालवायचा, आणि नोर्जमाचा बाप त्याच संस्थेच्या गॅरेजात मिस्त्री होता. ती आधी बोल्टचे पाने ओळखायला शिकली, अक्षरं नंतर. तिच्या नवऱ्याला मात्र बोल्ट कुठल्या बाजूला सुटतो हेही दर वेळी विचारावं लागे. त्याचं नाव एनेबिश, म्हणजे 'हा नव्हे'. आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली म्हणून सासूने तिसऱ्याचं नाव असं ठेवलं, की दारात आलेल्या संकटाला परस्पर सांगता यावं: तू शोधतोस तो हा नव्हे. नाव लागू पडलं होतं. संकटं खरोखरच एनेबिशला वगळून जात आणि त्याच्या शेजारी जो कोणी उभा असेल त्याच्या डोक्यावर बसत. शेजारी बहुतेक नोर्जमाच असे.

आता घाई होती. खांगायच्या डोंगरातले सूचिपर्णीही पिवळे पडून गळायला लागले होते. खालच्या खोऱ्यातली तिन्ही घरं हिवाळी मुक्कामाला निघून गेली होती आणि ती जिथे बसली होती तिथे गवतावर फिकट गोल तेवढे उरले होते. मध्ये होती तांबडी खिंड. तिच्या माथ्यावर सकाळी पांढरं दिसे आणि दुपारी वितळे. एक दिवस ते वितळणार नव्हतं. त्याआधी पलीकडे जायला हवं होतं, आणि त्या खिंडीचं सातवं वळण असं होतं की उजवीकडे कडा, डावीकडे नदी बोटाएवढी दिसते इतकं खोल, आणि नेमकं तिथेच चढावर गिअर उतरवावा लागतो. पंपाशिवाय, टपावर अख्खं घर घेऊन, तिथे करडी वळवणं कोणाच्याही दंडाचं काम नव्हतं.

एनेबिश मोटरसायकलवरून जिल्ह्याच्या गावाला गेला आणि जांबालच्या कंटेनरातून जुना पंप घेऊन आला. जांबाल मोडीत निघालेल्या गाड्या उकलून त्यांचे अवयव विकतो. त्याला प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारतं, हा कुठल्या गाडीचा? आणि तो प्रत्येकाला एकच सांगतो, जिवंत गाडीचा. म्हणजे मालक सुखरूप आहे, त्याने नवी गाडी घेतली, जुनी हसतखेळत मोडीत दिली. अपघातात गेलेल्या माणसाच्या गाडीचा खिळादेखील कोणी घरात आणत नाही. जांबालच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला तर त्याच्याकडच्या शेकडो गाड्यांपैकी एकीलाही कधी साधा ओरखडा उठलेला नव्हता.

म्हणून सासूने, सेवजिदने, पंप आत येण्याआधीच दारात अडवला, डोंगरी धुपाची भरगच्च चिमूट निखाऱ्यावर टाकली आणि पंप तीनदा धुरावरून फिरवला. मग नोर्जमाच्या हातात दिला. "घे. आता तुझा."

नोर्जमाने सकाळीच करडीचा जुना पंप उतरवला होता. लाल ऑइल मातीत सांडू नये म्हणून सेवजिदने परात सरकवली होती; बकरं मारतानाही जिथे रक्ताचा थेंब जमिनीवर पडू देत नाहीत, तिथे हे कसं सांडू द्यायचं. नव्या पंपाची पुली एका खाचेची निघाली, करडीचा पट्टा दोन खाचांचा. मग जुन्याची पुली काढून नव्याला चढवायची. म्हातारा शेजारी ओंडक्यावर बसून तंबाखू ओढत बघत होता. नव्याची पुली उचकटताना पाना निसटला आणि त्या पंपाच्या कानावर, बोल्ट जातो त्या कडेवर, नखाएवढा ओरखडा उठला.

"हळू," म्हातारा म्हणाला. एवढंच. पण तिला बाप आठवला.

तांब्याचे वायसर जुनेच वापरायचे होते. ते लाल तापवून पाण्यात विझवले की मऊ होतात, पुन्हा गच्च बसतात. पण घरातल्या चुलीत धातू खुपसायचा नाही. चुलीतला अग्नी घराचा असतो, त्याला असलं काही खायला घालत नाहीत. नोर्जमाने गेरबाहेर तीन दगड मांडून रानगोवऱ्यांची वेगळी आग केली आणि सगळ्यांना दिसेल अशीच केली. वायसर बसवले, नळ्या आवळल्या, पट्टा ताणला. पुढची चाकं जॅकवर उचलली, पंपाच्या डबीत ऑइल ओतलं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिली, आतली हवा निघून जाईपर्यंत. डबीकडे बघायला सेवजिद होती. घोडीचं दूध घुसळून घुसळून फेस ओळखण्यात तिचं आयुष्य गेलेलं.

"फेस आहे," ती म्हणे. "अजून आहे. आता मोठे बुडबुडे. आता बारीक. आता शांत झालं."

नोर्जमाने गाडी खाली घेतली, इंजिन लावलं आणि एका बोटाने स्टिअरिंग फिरवलं. करंगळीने फिरवून पाहिलं. करडी हंबरली नाही. दूध पिऊन झोपलेल्या पोरासारखी निमूट वळली. नोर्जमाला एकटीलाच हसू आलं आणि आपल्याला हसताना कोणी पाहिलं का म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं.

म्हातारा करडी घेऊन विहिरीपर्यंत गेला आणि परत आला. उतरला. दार लावलं.

"जड आहे," तो म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. त्या घरात ते एक कसब होतं.

मग सल्ले सुरू झाले. एनेबिश म्हणाला, पट्टा सैल असेल. सेवजिद म्हणाली, फेस पुन्हा आला असेल. नोर्जमाने पट्टा पुन्हा ताणला, चाकं पुन्हा उचलली, हवा पुन्हा काढली. दुसऱ्या दिवशीही म्हातारा म्हणाला, जड आहे. वायसर चुलीत तर नाही ना तापवले, सेवजिदने हळूच विचारलं; तिने स्वतः बाहेरच्या आगीवर हात शेकले होते, तरी विचारलं. तांबड्या खिंडीवरचं पांढरं त्या दिवशी दुपारी उशिरापर्यंत टिकलं. नोर्जमा दर घटकेला बाहेर येऊन तिकडे बघे, आत जाई, चहात मीठ दोनदा घाली, पुन्हा बाहेर येई.

तिसऱ्या दिवशी पीठ आणायला जायचं होतं. म्हातारा निघाला तशी ती मुकाट्याने डावीकडच्या सीटवर जाऊन बसली. तिला पंपाचा आवाज ऐकायचा होता. पंपाने काही तक्रार केली नाही. सरळ रस्त्यावर म्हातारा पूर्वीसारखाच, जणू गाडी स्वतःहून जातेय आणि तो नुसता सोबतीला आहे. वळणंही दोन्ही हातांनी नीट घेतली. मग ओढ्याकाठचा चढ आला. म्हाताऱ्याचा डावा हात गिअरकडे गेला, आणि स्टिअरिंगवर एकटा राहिलेला उजवा ओल्या दोरासारखा घसरला. करडी भटकली. म्हाताऱ्याने डावा हात घाईने परत आणला, गाडी सावरली.

"बघितलंस," तो समोर बघत म्हणाला. "जड होतं."

"हो," नोर्जमा म्हणाली.

जाताना दोन चढ, येताना तीन. पाचही वेळा तेच. माणसाने गिअर बदललाय हे कळणारा पंप जगात अजून कोणी बनवलेला नाही, एवढं ज्ञान तिच्याकडे होतं.

घरी आल्यावर सेवजिदने म्हाताऱ्याला चहा दिला. त्याने वाडगा उजव्या हातात घेतला आणि डावा हात उजव्या कोपराखाली धरला, पाहुण्याकडून मानाने घ्यावा तसा. रीतच आहे ती. परक्या वडीलधाऱ्याकडून तपकिरीची बाटली घेताना, सणाला, लग्नात असाच हात धरतात. पण स्वतःच्या बायकोकडून रोजचा चहा असा कोण घेतं? नोर्जमा वाडग्याकडे बघत राहिली. उन्हाळाभर तो असाच घेत होता. उन्हाळाभर घरादाराने म्हटलं होतं, म्हातारपणी माणूस किती नम्र झाला.

वसंतात तो विहिरीवर बादली ओढताना पडला होता. घटकाभर त्याच्या तोंडाची एक बाजू ओघळल्यासारखी दिसली, शब्द अडखळले. सेवजिद म्हणाली, ऊन लागलं. एनेबिश म्हणाला, दोर निसटला. म्हातारा म्हणाला, घसरलो. जिल्ह्याच्या गावच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं; मग लोकर कातरायची निघाली, मग घोडीचं दूध सुरू झालं, मग ते कोणी ठरवलं होतं तेच कोणाला आठवेना. नोर्जमा सून होती. तिने तेव्हा चहा केला होता.

दुपारी याकगायी बांधताना तिने एनेबिशला गाठलं.

"गिअर बदलतानाच जड होतं," ती म्हणाली.

"मग गिअरमध्ये काहीतरी असेल."

"गिअर बाबांच्या डाव्या हाताला आहे. मी उजव्याबद्दल बोलतेय."

एनेबिशने गाईच्या पायातली गाठ सोडली आणि पुन्हा तशीच बांधली. त्याचे कान लाल झाले होते. मग म्हणाला, "जांबालकडे दुसरा पंप असेल का, विचारू?"

विचारायची वेळ आली नाही, कारण जेवताना म्हाताऱ्यानेच विषय काढला. वाडग्यातलं मटण सुरीने कापायचं त्याने केव्हाच सोडलं होतं. सेवजिद आधीच बारीक करून वाढत असे.

"तो पंप जिवंत गाडीचा नाही," तो म्हणाला. "हाताला कळतं. कुणा मेलेल्याचं ओझं आहे त्यात."

घरावरचा नमदा कोणीतरी उचलून धरावा आणि वारा आत यावा तसं झालं. एनेबिश म्हणाला, जांबालच्या तोंडावर कधीच भरवसा नव्हता. सेवजिदने, तिच्या माहेरी एकाने मेलेल्या माणसाचं खोगीर घेतलं होतं आणि पुढे त्याचं काय झालं, ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. म्हातारा मान डोलवत होता. किती दिवसांनी तिघं एका बाजूला होती. पंप तेवढा दुसऱ्या बाजूला होता, आणि पंपाबरोबर नोर्जमा. पण तिथे ती आहे हे तिच्याशिवाय कोणाला दिसत नव्हतं.

तिने पंप उतरवला. ऑइल परातीत घेतलं. चांगला पंप उतरवणं हे चांगल्या जनावराला गोठ्याबाहेर काढण्यासारखं. ते आपल्याकडे बघतं.

एनेबिश सकाळी गेला, तिन्हीसांजेच्या आधी आला. पोत्यातून पंप काढून त्याने तिच्या पुढ्यात ठेवला आणि लगेच मोटरसायकल पुसायला लागला. मोटरसायकल त्याने आजवर कधी पुसली नव्हती. नोर्जमाने पंप उलटा केला. कानावर नखाएवढा ओरखडा.

"हा तोच आहे," ती म्हणाली.

"जांबालकडे दुसरा नाही. राजधानीतून मागवायचा तर पंधरा दिवस." मग आवाज खाली आणून, "घासूनपुसून बसव ना. थोडा काळा रंग लावला तर... तुला जमतं असलं."

"मला पंप बसवायला जमतं."

"तेच म्हणतोय मी."

तिला म्हणायचं होतं की तिच्या बापाने तीस वर्षांत एका गाडीला खोटा भाग लावला नाही; पण भाग खोटा नव्हताच. भाग सोन्यासारखा खरा होता. खोटं कुठे ठेवावं ते तिला कळेना. तिने तारेच्या ब्रशने पंप घासला, चुलीच्या धुराड्याला लावायचा काळा रंग त्याला फासला, ओरखडा रंगाने बुजवला. सेवजिद धुपाचं भांडं घेऊन आली. या वेळी तिने अर्धीच चिमूट टाकली, आणि पंप तीनदा नाही, एकदाच फिरवला. नोर्जमाने तिच्याकडे पाहिलं. सेवजिद धुराने डोळे चुरचुरल्यासारखं करत आत गेली.

पंप बसवताना म्हातारा ओंडक्यावर येऊन बसला नाही. त्याला घोडा बघायचा होता, म्हणे.

सगळं झाल्यावर तो आला, करडीत बसला आणि गेरभोवती एक फेरी मारली. "आता बरंय," तो म्हणाला. एनेबिशने सुटकेचा श्वास टाकला. नोर्जमाने फक्त इंजिन ऐकलं होतं. अख्खी फेरी पहिल्या गिअरमध्ये झाली होती.

निघायचा दिवस ठरला. मेंढरं, बकऱ्या नि याक घेऊन एनेबिश पाऊलवाटेने दोन दिवस आधी निघणार, गाडी मागून येणार, दर वर्षीसारखी. नोर्जमाने त्याच्या घोड्याचा लगाम धरला.

"मेंढरं मी नेते. गाडी तू चालव."

"बाबांना काय सांगू?"

"काहीही सांग. तुमच्या घरात खरं सांगायचं काम जिभेला असतंच कुठे?"

तो हसला, जसं काही तिने विनोद केला होता. मग हसू पुसून म्हणाला, "तू आहेस ना गाडीत." आणि गेला. हा नव्हे. ती शेजारी उभी होती, ती तिथेच राहिली.

ते दोन दिवस ती नुसती भिरभिरत होती. पेट्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. पंपाचा पट्टा सैल करून ठेवावा असंही मनात आलं. करडी पुन्हा हंबरली असती, म्हातारा चिडला असता, एनेबिशला मागे बोलवावं लागलं असतं. ती पाना घेऊन बॉनेटपर्यंत गेलीसुद्धा. पण आपल्या हाताने नीट केलेलं आपल्याच हाताने बिघडवायला बापाने शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं होतं, असं त्या घटकेला तिला वाटलं. सासूशी बोलावं तर सासू तिच्या पावलांच्या चाहुलीनेच काहीतरी शोधायला पेटीत डोकं घाले. आणि त्याला स्वतःला? ज्याचं नाव उच्चारायचं नाही, त्याला त्याचा हात गेला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

निघायच्या सकाळी आभाळ खाली आलं होतं. गेर उकलला, तिघांनी मिळून लादला. म्हाताऱ्याने दोर डाव्या हाताने आवळले आणि शेवटची गाठ दातांनी ओढली. नोर्जमाने त्याच्या पाठीमागून प्रत्येक गाठ पुन्हा आवळली. तो समोरच्या बाजूला गेला की ती मागच्या बाजूला. सेवजिदने पळीने करडीच्या चारही चाकांवर दूध शिंपडलं, एरवीपेक्षा जास्तच. किती वाजता पोहोचू, असं वाटेवर कोणी विचारत नाही. विचारलं की वाट रुसते. या घरात तसंही कोणी काही विचारत नव्हतं.

सेवजिद मागे गुंडाळ्यांमध्ये बसली, नोर्जमा डावीकडे पुढे. तिने उजवा हात सीटच्या कडेला मोकळा ठेवला. वाटेतल्या दोन छोट्या चढांवर म्हाताऱ्याने गिअर बदलला नाही. इंजिन धापा टाकत राहिलं, आणि तो समोर बघत राहिला. सातव्या वळणावर असं चालणार नव्हतं. ते तिघांनाही माहीत होतं. मागून सेवजिदचं पुटपुटणं येत होतं, मंत्र होते.

खिंडीच्या पायथ्याशी ओवो आहे, दगडांची मोठी रास, वर खांब, खांबाला वाऱ्याने फाटलेल्या निळ्या रेशमी पट्ट्या. घाईतली माणसं नुसता हॉर्न वाजवून पुढे जातात. म्हातारा तसा कधी गेला नव्हता. करडी आल्यापासून दर वर्षी तो गाडीसकट ओवोला तीन फेऱ्या घालत असे, सूर्य फिरतो तशा, रास उजव्या हाताला ठेवून.

"आज बर्फाचं आहे," नोर्जमा म्हणाली. "हॉर्न वाजवून गेलं तर?"

म्हाताऱ्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी उजवीकडे घेतलं.

पहिली फेरी मोठी, ऐसपैस झाली. दुसऱ्या फेरीला रासेच्या मागच्या अंगाचा चढ आला, तिथली माती पावसाने सुटलेली. करडी अडखळली, धापा टाकायला लागली. गिअर उतरवावाच लागला. डावा हात गेला. उजवा स्टिअरिंगवर एकटा राहिला, एक क्षण राहिला, आणि घसरून मांडीवर पडला. पडताना त्याने स्टिअरिंग आणखी उजवीकडे ओढलं आणि करडी दगडांच्या राशीवर चालून गेली.

नोर्जमाचा हात कधी उठला ते तिला कळलं नाही. तिने स्टिअरिंग धरून डावीकडे ओढलं. ते ताकातल्या रवीसारखं हलकं फिरलं. करडी राशीपासून दोन हातांवर वळली, आचका खाल्ला आणि बंद पडली. टपावरून किटली सुटली आणि उताराने लांबवर वाजत गेली.

किटलीचा आवाज खाली कुठेतरी थांबला.

"खड्डा होता," मागून सेवजिद म्हणाली. "मी बघितला. मोठा खड्डा."

"पट्टा सरकला असेल," नोर्जमा म्हणाली. "बघते मी. दोन मिनिटांचं काम." तिचा आवाज तिलाच उसना वाटला. ती खाली उतरली, सीटखालचा पाना घेतला, बॉनेट उघडलं. पट्टा जिथल्या तिथे होता, तिने ताणला होता तसाच. तरीही तिने पाना बोल्टवर लावला आणि न फिरवता धरून ठेवला. बर्फाचे पहिले कण गरम इंजिनावर पडून चुरचुरत होते. इतकं करून झालं की गाडीत बसायचं, आणि मग पुढे सातवं वळण. आता बोलायला हवं होतं. शब्द घशापर्यंत आले आणि तिथे, इतक्या वर्षांच्या सवयीने, वळसा घालायला लागले.

म्हाताऱ्याचं दार उघडलं. तो सावकाश चालत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. त्याने इंजिनात वाकून पाहिलं, मिस्त्री बघतो तसं, घाई न करता. मग डाव्या हाताचा अंगठा पंपाच्या कानावर ठेवून रंग घासला. काळं निघालं, खालून नखाएवढा ओरखडा वर आला.

"हा ओरखडा उठताना मी बघितला होता," तो म्हणाला. "ओंडक्यावरून. हळू म्हटलं होतं तुला."

नोर्जमाने मान खाली घातली.

"रंग चांगला दिलायस," तो म्हणाला. "काम तर पहिल्या दिवशीच चांगलं होतं. तुझ्या बापानेही याहून बरं केलं नसतं."

मागून सेवजिदचं पुटपुटणं थांबलं होतं. म्हाताऱ्याने खिशातून किल्ली काढली. ती उजव्या हातात घ्यायची, कोपर धरायचं, रीतीने द्यायची, असलं काही त्याने केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक वस्तू दुसऱ्या माणसाला नुसत्या डाव्या हाताने पुढे केली.

"तिसरी फेरी राहिलीय. ती तू घाल. आणि पुढचंही तूच," तो म्हणाला. "पंपाला काही झालेलं नाही, पोरी. माझ्या अंगावरून वारं गेलंय. उजवा हात गेला माझा."